के-लव्ह

के-लव्ह : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सँटा रोझा या शहरात १९८२ साली स्थानिक ख्रिस्ती संगीत केंद्र म्हणून सुरू झालेली आणि पुढे अमेरिकाभर पसरलेली विनाव्यावसायिक नभोवाणी साखळी. तिची मालकी ‘एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे असून ‘एअर-वन’ ही दुसरी साखळीही हीच संस्था चालवते. समकालीन ख्रिस्ती गीते सतत ऐकवणे, जाहिराती न घेणे आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणे ही तिची तीन मुख्य वैशिष्ट्ये होत. एका गावापुरते केंद्र राष्ट्रीय साखळी झाले, त्यामागे त्यातील गाण्यांइतकाच अमेरिकी परवाना कायद्यातील काही तांत्रिक कलमांचा हात आहे, म्हणून या नोंदीत त्या कलमांना अधिक जागा दिली आहे.

अमेरिकेत नभोवाणी आणि चर्च यांची सोबत अगदी सुरुवातीपासूनची आहे. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ जानेवारी १९२१ रोजी कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना प्रक्षेपित केली. एमी सेंपल मॅकफर्सन या लोकप्रिय प्रचारिकेने १९२४ मध्ये लॉस अँजेलिसला केएफएसजी हे स्वतःचे केंद्र काढले, तर शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटचे डब्ल्यूएमबीआय १९२६ मध्ये सुरू झाले. पुढे मोठ्या राष्ट्रीय साखळ्यांनी प्रस्थापित पंथांना फुकट वेळ देण्याचे आणि धार्मिक कार्यक्रमांसाठी वेळ न विकण्याचे धोरण धरल्यावर इव्हँजेलिकल (बायबल आणि धर्मप्रसार यांवर भर देणाऱ्या) प्रवाहातील मंडळी लहान केंद्रांकडे आणि स्वतःच्या परवान्यांकडे वळली. या केंद्रांचा खर्च बहुतांशी वेळ विकून भागत असे : अर्धा तास एका प्रवचनकाराचा, पुढचा दुसऱ्याचा, आणि प्रत्येक जण आपापल्या श्रोत्यांकडे वर्गणी मागणारा. संगीत या प्रवचनांच्या मधल्या फटी भरण्यापुरते असे.

ही घडी १९७० च्या दशकात बदलली. हिप्पी पिढीतील तरुणांमध्ये पसरलेल्या ‘जीझस चळवळी’ने गिटार, ड्रम आणि रॉकची चाल उपासनेत आणली. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या चर्चच्या आश्रयाने १९७१ मध्ये ‘मारानाथा म्युझिक’ ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली, आणि १९७५ मध्ये जवळच्याच सँटा आना येथील केवायएमएस केंद्राने दिवसभर हेच नवे संगीत वाजवायला सुरुवात केली. जुन्या चर्चमंडळींना हा गोंगाट वाटे आणि तरुणांच्या नेहमीच्या रॉक केंद्रांना हे प्रवचन वाटे, त्यामुळे जाहिरातदार मिळवणे अशा केंद्रांना कायम जड गेले. केवायएमएसने १९९५ पर्यंत तग धरला. गाणी वाजवणाऱ्या केंद्राला प्रवचनकारांना वेळ विकून पोट भरता येत नाही, कारण ऐन गाण्यांच्या मध्ये अर्ध्या तासाचे प्रवचन आले की श्रोता बटण फिरवतो. उत्पन्नाचा तिसरा मार्ग शोधणे भाग होते.

सॅन फ्रान्सिस्कोतील निवेदक बॉब अँथनी फोगल यांच्या मनात संगीताला वाहिलेल्या ख्रिस्ती केंद्राची कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. निधी, परवाना आणि यंत्रसामग्री यांची जुळवाजुळव करण्यात काही वर्षे गेली आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी सँटा रोझा येथून केसीएलबी हे केंद्र ९१.९ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस साधारण ९० किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या सोनोमा परगण्यात हे शहर आहे. ९१.९ ही जागा लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत एफएम पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग शैक्षणिक व विनाव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला असून ९१.९ ही त्यातली अगदी शेवटची जागा होय. ९२.१ पासून जाहिरातीवाल्यांची हद्द सुरू होते. त्यामुळे व्यावसायिक परवान्याची किंमत न मोजता, पण व्यावसायिक केंद्रांच्या थेट शेजारी बसून हे केंद्र ऐकवता आले. राखीव पट्ट्यातील ‘शैक्षणिक’ या अटीचा अर्थ अमेरिकेत पुष्कळ सैलपणे लावला जातो आणि धर्मशिक्षण त्यात बसते. मालक संस्थेच्या नावातील ‘एज्युकेशनल’ हा शब्द याच व्यवस्थेशी जुळणारा आहे.

सुरुवातीची वर्षे ओढाताणीची होती. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर डिक जेंकिन्स यांच्याकडे सूत्रे आली आणि १९८८ मध्ये केंद्राने के-लव्ह हे नाव घेतले. त्याची संकेताक्षरेही, म्हणजे परवान्यातील अधिकृत नावाची अक्षरेही, केएलव्हीआर अशी झाली. जाहिराती घ्यायच्या नाहीत आणि प्रवचनांना वेळही विकायचा नाही, असे ठरल्यावर श्रोत्यांकडे थेट हात पसरणे एवढाच मार्ग उरला. ठरावीक काळाने काही दिवस गाणी कमी करून निवेदक देणग्यांचे आवाहन करतात, आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम आपोआप वळती करून देण्यावर त्यांचा भर असतो. ही पद्धत अमेरिकी सार्वजनिक नभोवाणीनेही वापरली आहे. मात्र के-लव्हने तिला चर्चमधल्या दशांशदानाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याच्या, सवयीची जोड दिली, आणि तिथेच तिचे अर्थकारण इतरांपेक्षा भक्कम झाले.

विस्ताराची किल्ली एका नियमबदलात होती. अमेरिकेत ‘ट्रान्सलेटर’ नावाचे लहान पुनःप्रक्षेपक असतात. डोंगराआड गेलेल्या वस्तीपर्यंत मूळ केंद्राचा आवाज पोहोचावा म्हणून ते लावले जात. मूळ केंद्राच्या लहरी हवेतून पकडायच्या आणि दुसऱ्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) पुन्हा सोडायच्या, इतकेच त्यांचे काम, म्हणून त्यांची पोच मूळ केंद्राच्या टापूपुरती असे. १९८८ मध्ये नभोवाणीचे परवाने देणाऱ्या अमेरिकी संघीय दळणवळण आयोगाने, मूडी बायबल इन्स्टिट्यूटच्या मागणीवरून, राखीव पट्ट्यातील विनाव्यावसायिक ट्रान्सलेटरांना उपग्रहावरून कार्यक्रम घेण्याची मुभा दिली. डोंगराआडच्या गावासाठी केलेली ही सोय त्या दिवसापासून हजारो किलोमीटर दूरच्या गावालाही लागू झाली. एखाद्या टेकडीवर एक बंदिस्त खोकी, शेजारी छतरी, उपग्रहाच्या लहरी पकडणारे यंत्र, लहानसा प्रक्षेपक आणि मनोऱ्यावर अँटेना एवढे उभे केले, की तिथे माणूस न ठेवता केंद्र चालू होई. ट्रान्सलेटरची परिणामी शक्ती २५० वॉटपर्यंतच असू शकते, पण सपाट प्रदेशातील छोट्या शहराला तेवढी पुरते. के-लव्हने १९९० च्या दशकात ही संधी पुरेपूर साधली, आणि पाठोपाठ पूर्ण शक्तीची केंद्रेही विकत घ्यायला सुरुवात केली.

ट्रान्सलेटरवरील बंधने वाचली की या व्यवस्थेचा स्वभाव कळतो. त्याने स्वतःचा कार्यक्रम करायचा नाही. अपवाद दोनच : आणीबाणीची सूचना, आणि तासाला जास्तीत जास्त ३० सेकंद आर्थिक मदतीचे आवाहन किंवा आभार. त्याची ओळख मूळ केंद्राने सांगायची असल्यास ती दिवसातून तीनदा, म्हणजे सकाळी ७ ते ९, दुपारी १२.५५ ते १.०५ आणि सायंकाळी ४ ते ६ या वेळांत सांगायची असते. पूर्ण शक्तीच्या केंद्राला मात्र दर तासाला संकेताक्षरे आणि परवान्यातील गावाचे नाव घ्यावे लागते. के-लव्हच्या चोवीस तासांच्या प्रक्षेपणात कित्येक गावांचा उल्लेख एवढाच येतो.

या बाबतीत आयोगाने विनाव्यावसायिक संस्थांना आणखी दोन सवलती दिल्या. पहिली, एका मालकाकडे एका शहरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा त्यांना लागू नाही. दुसरी, केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच्या परवान्याच्या गावाजवळ असावा या जुन्या अटीतून अशा साखळ्यांना सूट मिळत गेली. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी आयोगाने ही अट सर्वांसाठीच रद्द केली. भारतीय वाचकाला हे सारे परके वाटेल, कारण आपल्याकडील खासगी एफएमच्या धोरणानुसार धार्मिक संस्थांच्या नियंत्रणाखालील किंवा त्यांच्याशी संबंधित कंपन्या परवान्याला अपात्र ठरतात. नारायण वामन टिळकांपासून चालत आलेल्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या परंपरेला वाहिलेले एखादे खासगी एफएम केंद्र एखाद्या चर्चने काढावे, ही शक्यताच त्यामुळे येथे उद्भवत नाही.

साखळीचे मुख्यालय सँटा रोझाहून सॅक्रामेंटोला, तिथून जवळच्या रॉकलिनला आणि २०२० च्या दशकात टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळच्या फ्रँकलिनला गेले. नॅशव्हिल ही ख्रिस्ती ध्वनिमुद्रण उद्योगाची राजधानी असल्याने हे शेवटचे स्थलांतर समजण्यासारखे आहे. तोपर्यंत हा उद्योगही मोठा झाला होता. के-लव्हच्या जन्माच्याच वर्षी, १९८२ मध्ये, एमी ग्रँट या गायिकेचा ‘एज टू एज’ हा अल्बम आला आणि १९८५ मध्ये तो दहा लाख प्रतींच्या ‘प्लॅटिनम’ दर्जाला पोहोचला. १९९१ मध्ये तिचेच गाणे बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

के-लव्हवर वाजणारी गाणी मोजकी, मवाळ चालीची आणि दिवसातून अनेकदा परतणारी असतात. ‘सकारात्मक आणि उत्साहवर्धक’ हे तिचे घोषवाक्य निवडीची कसोटी म्हणूनच वापरले जाते. या क्षेत्रातील निर्माते आपल्या कल्पित श्रोत्याला ‘बेकी’ म्हणतात : उपनगरात राहणारी, चाळिशीच्या आसपासची, मुलांना शाळेत सोडायला गाडी काढणारी आई. मोटारीत मागे बसलेल्या मुलाने ऐकले तरी अडचण होणार नाही असे गाणे, ही या बेकीची अपेक्षा मानली जाते. संगीतकारांची तक्रार नेमकी याच गोष्टीबद्दल आहे. शोक, शंका, संताप हे बायबलमधील स्तोत्रांत ठळकपणे येणारे भाव या चौकटीत फारसे शिरत नाहीत, आणि एवढी मोठी साखळी एखादे गाणे घेत नसेल तर ध्वनिमुद्रण कंपन्या तसे गाणे करायलाच कचरतात. ही तक्रार रास्त आहे. फक्त साखळीचा खर्च देणारा श्रोता तीच चौकट पसंत करतो, हेही तितकेच खरे. २०१९ च्या आरंभी एअर-वनने आपला रोख उपासनागीतांकडे वळवला, त्यामुळे दोन साखळ्यांचे श्रोते काहीसे वेगळे झाले.

२०१० च्या दशकाच्या शेवटी फाउंडेशनने महानगरांतील जुन्या, नामांकित केंद्रांना हात घातला. व्यावसायिक कंपन्या कर्जात होत्या आणि एफएम केंद्रांच्या किमती घसरत होत्या. देणग्यांवर चालणाऱ्या, रोख पैसे मोजू शकणाऱ्या खरेदीदाराला हा काळ अनुकूल ठरला. २०१७ च्या नोव्हेंबरात लॉस अँजेलिसचे १००.३ मेगाहर्ट्झवरील रॉक केंद्र के-लव्ह झाले. शिकागोचे ‘द लूप’ हे १९७९ च्या डिस्को-विरोधी मैदानी गोंधळामुळे देशभर गाजलेले रॉक केंद्र २०१८ मध्ये २ कोटी १५ लाख डॉलरना विकले गेले, आणि त्याच्या निवेदकांनी निरोपाच्या तासात मुद्दाम सैतान आणि नरक यांचा उल्लेख असलेली गाणी लावली. २०१९ मध्ये क्युम्युलस या नभोवाणी कंपनीकडून सहा केंद्रे १० कोटी ३५ लाख डॉलरना घेण्यात आली. त्यात न्यूयॉर्कचे डब्ल्यूपीएलजे, तसेच वॉशिंग्टन, अटलांटा आणि सॅन होजे भागातील केंद्रे होती. ३१ मे २०१९ रोजी सायंकाळी ७ वाजता न्यूयॉर्कच्या ९५.५ मेगाहर्ट्झवर के-लव्ह सुरू झाले. या प्रत्येक ठिकाणी स्थानिक निवेदकांच्या नोकऱ्या गेल्या.

उपग्रहावरून येणाऱ्या साखळीत स्थानिकपणा उरतो का, हा वाद यातून धारदार झाला. सँटा रोझाचेच उदाहरण बोलके आहे. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री पेटलेल्या टब्स वणव्याने शहराच्या वस्त्या खाक केल्या. २२ माणसे दगावली आणि पाच हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. वीज आणि मोबाइल मनोरे बंद पडलेल्या त्या दिवसांत केएसआरओ या स्थानिक बातम्यांच्या केंद्राने अखंड प्रक्षेपण करून कोणता रस्ता खुला, कोणता निवारा भरला हे सांगितले. असे काम करायला गावात स्टुडिओ आणि गाव ठाऊक असलेला निवेदक लागतो. मुख्य स्टुडिओची अट आयोगाने रद्द केली ती यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी. साखळीचे समर्थक सांगतात, की आणीबाणीच्या अधिकृत सूचना तिच्या केंद्रांवरूनही जातात, आणि प्रार्थनेसाठी फोन करणाऱ्याला बोलायला माणूस मिळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या गरजा भागवतात.

स्थानिक ख्रिस्ती केंद्राची मूळ कल्पना दरम्यान दुसऱ्या वाटेने पुढे चालू राहिली. आयोगाने २००० मध्ये १०० वॉटच्या ‘अल्पशक्ती’ केंद्रांचे परवाने सुरू केले. ते केवळ ना-नफा संस्थांना मिळतात. अनेक चर्चनी असे परवाने घेतले आणि गावची उपासना, गावचा गायकवृंद, शाळेच्या बातम्या असा कार्यक्रम चालवला. ट्रान्सलेटर आणि ही केंद्रे एकाच रिकाम्या कंप्रतेसाठी झगडतात. २००३ च्या मार्चमध्ये ट्रान्सलेटरसाठी अर्ज मागवले तेव्हा १३,००० हून अधिक अर्ज आले आणि अल्पशक्ती केंद्रांच्या कित्येक जागा त्यात अडकल्या. त्यांचा मार्ग बराचसा मोकळा करणारा कायदा २०११ मध्ये झाला.

जाहिरातींवर चालणाऱ्या ख्रिस्ती संगीत केंद्रांची शेवटची मोठी फळी सेलम या कंपनीकडे होती. ‘द फिश’ या नावाने ओळखली जाणारी तिची बहुतेक केंद्रे आपापल्या शहरातील निवेदकांच्या आवाजावर चालत. २०२४ च्या डिसेंबरअखेर सेलमने लॉस अँजेलिस, डॅलस, अटलांटा, पोर्टलँड, क्लीव्हलँड, कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि सॅक्रामेंटो येथील आपली सात संगीत केंद्रे ८ कोटी डॉलरना फाउंडेशनला विकण्याचा करार जाहीर केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्यांवरून फाउंडेशनचे कार्यक्रम सुरू झाले.