चुन्यात अडकलेली हवा

बँकॉकच्या टॅक्सीत बसलात की आधी चालकासमोरच्या आरशाकडे बघा. तिथे फुलांची माळ लटकत असते, डॅशबोर्डवर बुद्धाच्या दोन-चार इवल्या मूर्ती असतात, कधी कधी छताला पांढऱ्या रेघांनी यंत्र काढलेलं असतं. चालकाच्या गळ्यात पारदर्शक डबीत मढवलेला ताईत असतो. तरुण मुलांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर देवता झळकतात, त्यात आपला गणपतीही भेटतो. तिथे त्याला फ्रा फिकानेत म्हणतात. सहलीहून परतलेली आपली मंडळी हे सांगताना ‘किती अंधश्रद्धाळू लोक’ असं म्हणतात, तेव्हा मला त्यांच्याच गाडीखाली लटकणारी लिंबू-मिरची आठवते.

मला त्या ताईतांचं वेड लागलं ते मात्र श्रद्धेमुळे नाही, चुन्यामुळे.

चाओ फ्राया नदीच्या काठी था फ्रा चान नावाचा ताईतांचा जुना बाजार आहे. तिथे माणसं डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसलेली दिसतात. ताईताला थाई भाषेत ‘फ्रा ख्रुएंग’ म्हणतात, आणि तो ‘विकत घेतला’ असं कुणी म्हणत नाही. बुद्धाची खरेदी-विक्री कशी करायची, म्हणून ‘भाड्याने घेतला’ असं म्हणायचं. या बाजारात सगळ्यात मानाचे ताईत म्हणजे सोमदेत. नदीपलीकडच्या वात राखांग मठाचे प्रमुख भिक्खू सोमदेत तो (‘तो’ हे त्यांचं नाव; 1788–1872) यांनी ते घडवले, असं मानतात. बोटाच्या दोन पेरांएवढी फिकट आयताकृती वडी, त्यावर घंटेच्या आकाराची कमान, तीन पायऱ्यांचं आसन आणि वर ध्यानस्थ बुद्ध. डोळे-नाक काहीच कोरलेलं नाही, नुसती आकृती. अस्सल सोमदेत लाखो थाई बाटना जातो, काही तर कोटींच्या घरात. अर्थातच नकलांचा सुळसुळाट आहे.

अस्सल कुठला हे ठरवतो जाणकाराचा डोळा. भेगा कशा पडल्यात, कडा कशा आकसल्यात, पृष्ठभाग कुठे झिजलाय हे तो भिंगातून बघतो. या डोळ्याबद्दल मला आदर आहे. पण तो डोळा बरोबर आहे की नाही हे ठरवतो दुसऱ्या जाणकाराचा डोळा, आणि तिथे माझी गाडी अडते.

आता या वडीत असतं काय? परंपरा सांगते: शिंपल्यांचा चुना, शिजवलेला भात, केळं, मध, बांधणीसाठी टुंगचं तेल, आणि मंत्रलेली भुकटी. ही भुकटी करायची रीत सुंदर आहे. पाटीवर खडूने मंत्राक्षरं लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची, पुन्हा पुसायची आणि पडलेली पूड गोळा करायची. पण माझं लक्ष आहे पहिल्या घटकावर.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली होती ना? निवळी दुधाळ झाली होती. तोच प्रयोग या ताईतात फार सावकाश घडलेला असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत सुमारे 900 अंशांपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, विरतो. हा ओला चुना साच्यात दाबला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषू लागतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे शिंपल्याचा पुन्हा दगड. 74 ग्रॅम विरलेला चुना हवेतून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड घेतो, 18 ग्रॅम पाणी सोडतो आणि 100 ग्रॅमचा होतो. आपल्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या दिसतात, तिथल्या भिंतीही अशाच घट्ट झाल्या. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचायला शतकं लागतात. काही मिलिमीटर जाडीच्या ताईताला तेवढा वेळ लागत नाही.

विचार करा: ज्या काळात ताईत वाळला, त्या काळातली हवा त्यात दगड होऊन बसली आहे.

त्या हवेवर काळाची खूण असते. कार्बनच्या साधारण लाख कोटी अणूंमागे एक अणू कार्बन-14चा असतो. तो किरणोत्सारी आहे, 5730 वर्षांत निम्मा होतो. चुन्याच्या बांधकामांचं वय यावरून काढायचे प्रयत्न 1960च्या दशकापासून चालू आहेत. सोमदेतच्या बाबतीत मात्र नेहमीची पद्धत हात टेकते. दीडशे वर्षांत कार्बन-14 दोन टक्क्यांहूनही कमी घटतो. हवेतलं त्याचं प्रमाणही सूर्याच्या लहरीनुसार हलत असतं, शिवाय दगडी कोळशाच्या धुरातून आलेल्या कार्बन-14विरहित कार्बनने ते पातळ केलं. त्यामुळे 1700 आणि 1900 यांत फरक करणं जवळजवळ अशक्य.

मग माणसाने अणुबॉम्ब उडवले. 1950च्या दशकापासून झालेल्या वातावरणातल्या चाचण्यांनी हवेत इतका कार्बन-14 ओतला की 1963च्या सुमारास उत्तर गोलार्धात त्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. त्या वर्षी चाचणीबंदीचा करार झाला, चाचण्या जवळपास थांबल्या आणि प्रमाण उतरू लागलं. 1965 साली वाळलेल्या चुन्यात ही वाढ ठसठशीत दिसणार. तो ताईत सोमदेत तो यांच्या हातचा असूच शकत नाही. जुनी म्हणून विकलेली व्हिस्की आणि हस्तिदंताची तस्करी याच युक्तीने पकडली गेली आहे.

अडचणी आहेत. अलीकडच्या काही वर्षांत प्रमाण जुन्या पातळीपर्यंत उतरलंय, त्यामुळे अगदी ताजी नक्कल यातून निसटेल. शिंपला अर्धवट भाजला असेल तर त्यातला जुना कार्बन वय वाढवून दाखवेल. नक्कल करणाऱ्याने संगमरवराची पूड वापरली, तर त्यात कार्बन-14 जवळपास नसतोच. ताईत बुद्धाच्याही हजारो वर्षं आधीचा ठरेल आणि लबाडी तिथेच उघडी पडेल. तेल, मध, भात यांतला कार्बन वेगळा काढता येतो, कारण आम्ल टाकल्यावर कार्बोनेटच फसफसतं.

हा निकाल फक्त वयाचा असेल. ताईत गोळी अडवतो, लॉटरी लावतो, या दाव्यांवर कार्बन काही बोलत नाही. त्या दाव्यांना वेगळी परीक्षा हवी, आणि थायलंडने तशी परीक्षा घेतलीही आहे, ताईताची नव्हे तर यंत्राची. ‘जीटी 200’ नावाचं बॉम्ब शोधक यंत्र तिथल्या सैन्याने मोठ्या किमतीला घेतलं होतं. प्लॅस्टिकची मूठ आणि हलणारी अँटेना, एवढंच. धरणाऱ्याच्या मनगटाच्या नकळत हालचालीने अँटेना वळायची. 2010 साली सरकारने चाचणी घेतली तेव्हा 20 पैकी फक्त 4 वेळा ते बरोबर निघालं, नुसत्या अंदाजाहून वाईट. त्यावर विसंबून रस्ते निर्धोक ठरवले जात होते, माणसं मरत होती. ताईत गळ्यात घालून सावध चालणाऱ्या टॅक्सीवाल्यापेक्षा हे मला कितीतरी भयंकर वाटतं.

भिंगवाल्यांचीही तशीच परीक्षा घ्यावी असं मला मनापासून वाटतं. कुठला ताईत कुठला हे त्यांना न सांगता निवाडा लिहून घ्यायचा आणि मग कार्बनचं उत्तर उघडायचं. आधुनिक यंत्राला त्यासाठी साधारण 10 मिलिग्रॅम पूड पुरते, म्हणजे मोहरीच्या काही दाण्यांएवढी. मागच्या बाजूला, कडेजवळ, जिथे बुद्धाला धक्का लागणार नाही अशा जागी ती खरवडता येईल.