गोळ्यांनी गर्भपात : समुपदेशन आणि पाठपुरावा

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या दोन औषधांनी, शस्त्रक्रियेशिवाय, गर्भपात करायचा ठरवलेल्या स्त्रीला आधी द्यायची माहिती आणि नंतर घ्यायची काळजी. भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली नोंदणीकृत डॉक्टरच ही औषधे देऊ शकतो. मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये आणि दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला २००८ मध्ये मान्यता मिळाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर नऊ आठवड्यांपर्यंत ही पद्धत वापरता येते.

समुपदेशन सुरू होते ते दिवस मोजण्यापासून. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. ‘पाळी चुकून आठच दिवस झालेत’ म्हणणाऱ्या बाईचे, पाळी नियमित असेल तर, पाच आठवडे उलटलेले असतात. मग हिमोग्लोबिन, रक्तगट, दमा किंवा इतर आजार, चालू औषधे, तांबी बसवलेली आहे का, याची विचारणा होते. गर्भनलिकेत गर्भ राहिल्याची शंका असेल तर या गोळ्या देत नाहीत. त्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही आणि नलिका फुटली तर जीव धोक्यात येतो.

हे बोलणे तिच्या एकटीशी व्हावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, तरी ती मागण्याची सवय अनेक दवाखान्यांतून गेलेली नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची संमती लागते. अविवाहितेलाही या सेवेचा तितकाच हक्क आहे. तिचे नाव गुप्त ठेवणे हे डॉक्टरवर कायद्याचे बंधन आहे.

पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी, तिसऱ्या दिवशी मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार, असा नेहमीचा क्रम असतो. दुसऱ्या औषधानंतर काही तासांत कळा येतात, गाठी पडतात, थंडी वाजते, कधी जुलाब होतात. पाळीपेक्षा जास्त रक्त जाणार हे आधी सांगितलेले नसेल तर बाई रात्री घाबरून धावत येते. उलट ‘रक्त जातंच’ एवढेच सांगितले असेल तर धोका अंगावर काढते. म्हणून माप सांगावे लागते: सलग दोन तास, दर तासाला दोन जाड पॅड पूर्ण भिजले तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. चोवीस तासांनंतरही टिकणारा ताप, दुर्गंधी स्राव, न थांबणारी पोटदुखी, चक्कर यांचेही तेच. मिसोप्रोस्टॉल घेऊनही काहीच रक्त गेले नाही तर तीही तपासणीची खूण.

पाठपुराव्याची भेट साधारण पंधराव्या दिवशी ठरलेली असते, आणि तीच सर्वाधिक चुकते. ‘रक्त गेलं म्हणजे झालं’ ही समजूत त्यामागे असते. शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक जणींचे काम गोळ्यांनी पुरे होते, पण उरलेल्यांपैकी काहींना पिशवी साफ करावी लागते. गर्भ वाढत राहिलाच तर मिसोप्रोस्टॉलने त्यात व्यंग येऊ शकते, हे पहिल्याच दिवशी सांगायचे असते. घरच्या लघवी चाचणीवर लगेच विसंबू नये; गर्भपात पूर्ण होऊनही ती काही आठवडे होकारार्थी येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटना मात्र पुरेशी माहिती मिळालेल्या आणि तक्रार नसलेल्या स्त्रीला ही भेट सक्तीची मानत नाही.

पुढच्या गर्भनिरोधनाचे बोलणेही लांबवता येत नाही, कारण पाळी येण्याआधीच, कधी आठ-दहा दिवसांत, पुन्हा दिवस जाऊ शकतात. निरोध किंवा गोळ्या लगेच सुरू करता येतात. तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर. हा पर्याय घेतला तरच गर्भपात करू, अशी अट घालणे गैर आहे.

महाराष्ट्रात या औषधांची आणखी एक अडचण आहे. लिंगनिदानाविरुद्धच्या कारवाईच्या काळात औषध दुकानांवर लक्ष वाढले आणि अनेकांनी ही पाकिटे ठेवणेच सोडले. खरे तर नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. चिठ्ठीशिवाय कुठून तरी गोळ्या मिळवणारीला दिवस कोणी मोजून देत नाही, पॅडचे मापही कोणी सांगत नाही.

भेटीला न येणाऱ्यांसाठी काही ठिकाणी फोन करतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचे: फोन कोण उचलतं, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय म्हणायचं?