सोळा रंगांत अडकलेला संगणक

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरांचे माळे रिकामे होतात. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची लाकडं खाली येतात, समया येतात, आणि हल्ली एखाद्या घरी पिवळट पडलेला सीपीयूही येतो. फोंड्याजवळ माझ्या आतेभावाकडे असाच एक आहे. पेंटियम, विंडोज ९८, चौदा इंची काचेचा मॉनिटर. मूळ मदरबोर्ड कधीच गेला, म्हणून त्यातली हार्ड डिस्क तशाच वयाच्या दुसऱ्या डब्यात बसवलेली. तो भंगारात जात नाही, कारण गावच्या जत्रेत झालेल्या मराठी नाटकांच्या संहिता त्या डिस्कवर आहेत. फाइल्स लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, ते आधी. पण तिथे त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा निव्वळ गोंधळ दिसतो. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या टाइप झाल्या तो त्या जुन्या विंडोजवरच चालतो.

बटण दाबल्यावर आधी पडदा काळाच राहिला आणि एक लांब, दोन आखूड असे बीप वाजले. बायोस म्हणजे बटण दाबताच सर्वांत आधी चालणारा, चिपमध्येच बसवलेला प्रोग्रॅम. अवॉर्ड कंपनीच्या बायोसच्या संकेतांत याचा अर्थ ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाची तक्रार. किनारपट्टीवर हा संकेत ओळखीचा व्हावा असाच आहे. कार्डाच्या कडेला जे सोनेरी दात असतात त्यांच्यावर सोन्याचा मुलामा फारच पातळ असतो. सोनं गंजत नाही, पण मुलाम्याला सूक्ष्म छिद्रं असतात. दमट, खारी हवा त्यातून आत शिरते, खालचं निकेल आणि तांबं गंजतं, आणि तो गंज वर येऊन पसरतो. साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं की दात स्वच्छ होतात. जोर लावला तर मुलामाच निघून येईल.

चित्र आलं. पण चिन्हं अवाढव्य, फोटो जत्रेतल्या पोस्टरसारखे भडक, आणि प्रोग्रॅमची खिडकी इतकी मोठी की तिच्या तळाचं ‘ओके’ बटण पडद्याच्या बाहेर. आडवे ६४० ठिपके, उभे ४८०, रंग फक्त सोळा. ‘कार्ड खराब आहे,’ असं पाहणाऱ्या प्रत्येकानं सांगितलं. कार्ड ठणठणीत होतं. विंडोजला ते कोणतं आहे हे ठाऊक नव्हतं, इतकंच.

हे ६४० गुणिले ४८० आलं कुठून? १९८७ साली आयबीएमनं पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही पडद्यावर चित्र दाखवायची पद्धत आणली. इतर कंपन्यांनी तिची इतकी हुबेहूब नक्कल केली की पुढे आलेलं जवळजवळ प्रत्येक कार्ड स्वतःचं काम वेगळ्या पद्धतीनं करत असलं तरी व्हीजीएचे हुकूम मानतच राहिलं. म्हणून समोरच्या चिपची काहीच माहिती नसली की विंडोज व्हीजीएवर येऊन थांबतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे बिघाड शोधायला विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालू करतात तेव्हाही, तेच होतं.

सोळाच रंग का, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतला प्रोसेसर एकूण एक एमबी स्मृतीचे पत्ते ओळखत असे. आयबीएमनं त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमना दिले आणि वरचा भाग पडदा, बायोस वगैरेंसाठी राखून ठेवला. विंडोजच्या आधीच्या, टाइप केलेल्या हुकमांवर चालणाऱ्या डॉसच्या दिवसांत ज्या ६४० केबीच्या मर्यादेवरून सगळे कपाळाला हात लावत, ती हीच. व्हीजीएच्या चित्राची खिडकी बरोबर तिथून पुढे सुरू होते आणि ती ६४ केबीची आहे, म्हणजे ६५,५३६ बाइट.

आता हिशेब करा. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके. सोळा रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बिट लागतात, म्हणजे एकूण १,५३,६०० बाइट. खिडकीत मावणार नाहीत. मग व्हीजीएमध्ये चित्राचे एकावर एक चार थर केले. प्रत्येक ठिपक्याचा एक-एक बिट एकेका थरात. एका थराला ३८,४०० बाइट लागतात, ते खिडकीत आरामात बसतात. चारही थर एकाच पत्त्यावर राहतात आणि कोणत्या थरात लिहायचं ते कार्डाला वेगळं सांगावं लागतं. अक्कलहुशारीचं काम आहे, पण चालवायला संथ. त्याच खिडकीत ३२० गुणिले २०० ठिपके २५६ रंगांत, प्रत्येकी एक बाइट धरून, ६४,००० बाइटमध्ये एका घासात बसतात. डॉसवरचे कितीतरी खेळ त्या जाडजूड ठिपक्यांत आहेत ते यामुळेच.

ड्रायव्हर म्हणजे विंडोजचं म्हणणं कार्डाला त्याच्या भाषेत सांगणारा छोटा प्रोग्रॅम. त्याचं काम इथून पुढचं. विंडोज म्हणतं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळा आयत भर. हे त्या विशिष्ट चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या खणात, कोणता आकडा लिहिला की घडेल, ते ड्रायव्हरला माहीत असतं. व्हीजीएच्या पुढे प्रत्येक कंपनीनं आपापली रजिस्टरं केली, त्यामुळे एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. हा पसारा आवरायला १९८९ साली व्हेसा नावाची संघटना उभी राहिली. तिनं ठरवलेली बायोसमार्फतची सामायिक पद्धत डॉसच्या खेळांनी भरपूर वापरली. विंडोज ९८ सोबत मात्र त्या पद्धतीवर चालणारा ड्रायव्हर येत नाही. नंतर हौशी मंडळींनी तसा लिहिला. चिपचा खरा ड्रायव्हर कुठेच सापडला नाही तर तो कामाला येतो, चित्र संथ हलेल एवढंच.

म्हणून पहिला प्रश्न: चिप कोणती? डबा उघडून चिपवरचा नंबर वाचता येतो, पण त्याहून गमतीचा मार्ग डॉसमध्ये आहे. स्मृतीत काय आहे ते दाखवणारा ‘डीबग’ हा प्रोग्रॅम चालू करायचा आणि त्याला सी०००:० या पत्त्यापासूनचा मजकूर दाखवायला सांगायचं. तिथे कार्डाचा स्वतःचा बायोस असतो. सुरुवातीलाच ५५ आणि एए हे दोन बाइट, ही तर प्रत्येक कार्डाची सही. थोडं पुढे बहुतेक कार्डांवर ‘आयबीएम’ ही अक्षरं दिसतात, कार्ड दुसऱ्या कुणी केलेलं असलं तरी, कारण काही जुने प्रोग्रॅम ती अक्षरं असल्याची खात्री करून घेत. त्याच्या आसपास खऱ्या कंपनीचं नाव सापडतं. आमच्या पडद्यावर आलं: कंपनी एस३, चिप ट्रायो६४.

ट्रायो म्हणजे त्रिकूट. रंगांचे आकडे तारेवरच्या विद्युतदाबात बदलणारा भाग, ठोके देणारं घड्याळ आणि चित्र काढणारं इंजिन, या तीन गोष्टी या कंपनीनं एकाच चिपमध्ये आणल्या. कार्ड त्यामुळे स्वस्त झालं आणि नव्वदच्या दशकात असंख्य असेंबल केलेल्या संगणकांत बसलं.

मदरबोर्डच्या पीसीआय नावाच्या खाचेत बसणारं कार्ड आपली ओळख दोन आकड्यांनी सांगतं, एक कंपनीचा आणि एक चिपचा. इंटेलनं कंपनीचा आकडा घेतला ८०८६, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा. एस३ चा आहे ५३३३, कारण ५ हा आकडा इंग्रजी एससारखा दिसतो. ट्रायो६४ चिपचा आकडा ८८११. विंडोजमधल्या आयएनएफ फाइल्स म्हणजे अशा जोड्यांची यादी: अमुक जोडी दिसली की तमुक ड्रायव्हर लाव. ट्रायो या यादीत आहे! मग अडलं कुठे? नवं कार्ड दिसताच विंडोजनं आपली सीडी मागितली होती. सीडी ड्राइव्हची लेन्स आंधळी झालेली, तेव्हा कुणीतरी ‘कॅन्सल’ दाबलं. तेव्हापासून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या यादीत ते कार्ड ‘स्टँडर्ड पीसीआय ग्राफिक्स अडॅप्टर’ म्हणून बसून होतं.

उपाय सोपा. हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडायची आणि सीडीवरचा विन९८ हा फोल्डर तिच्यावर उतरवायचा. ड्रायव्हर त्यातल्या कॅब नावाच्या, दाबून गठ्ठा केलेल्या फाइल्समध्ये दडलेले असतात. डिस्क परत जागेवर बसवली, ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबलं, त्या फोल्डरचा रस्ता दिला, संगणक पुन्हा सुरू केला. बायोसचा अक्षरांचा पडदा सरून विंडोजचं चित्र येताना मॉनिटरच्या पोटातून रिलेचा ‘टक’ असा आवाज आला. तो ऐकला की समजायचं, मॉनिटरनं चाल बदलली.

फरक खिडकी धरून ओढली की लगेच जाणवतो. आधी प्रत्येक ठिपका प्रोसेसर स्वतः हलवत होता, तोही चार थरांत. आता ड्रायव्हर चिपला एवढंच सांगतो की हा आयत इथून उचलून तिथे ठेव, आणि चिप आपल्याच स्मृतीत ते उरकते.

मग रंग आणि ठिपके निवडायचे. विंडोज ९८ मध्ये ‘स्क्रीन एरिया’ची पट्टी उजवीकडे सरकवली की कधीकधी रंगांची निवड आपोआप खाली घसरते. लोकांना तो बिघाड वाटतो, पण हा निव्वळ गुणाकार आहे. कार्डावर एक एमबी, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. ८०० गुणिले ६०० ठिपके, प्रत्येकी दोन बाइट: ९,६०,०००. बसले. तेवढेच ठिपके प्रत्येकी तीन बाइटनी: १४,४०,०००. नाही बसत. १०२४ गुणिले ७६८ एकेका बाइटनं ७,८६,४३२ होतात, ते बसतात, पण मग रंग २५६ च. अशा बऱ्याच कार्डांवर आणखी एक एमबी बसवायला रिकामे सॉकेट असत. ते भरलेले कार्ड मला तरी क्वचितच दिसले.

दोन बाइटच्या रंगाला विंडोज ‘हाय कलर’ म्हणतं. सोळा बिटांतले पाच लाल, पाच निळे आणि सहा हिरवे. एक बिट जास्तीचा हिरव्याला, कारण माणसाचा डोळा हिरव्या छटांतला फरक सर्वांत बारीक टिपतो. ३२ गुणिले ६४ गुणिले ३२, एकूण ६५,५३६ रंग. नाटकाच्या संहितेला इतके रंग लागत नाहीत हे खरं, पण ‘ओके’चं बटण दिसायला ८०० गुणिले ६०० हवंच होतं.

देवनागरीला ठिपके जास्त लागतात, हाही भाग आहे. व्हीजीएच्या अक्षरपडद्यावर एका अक्षराचा चौकोन सोळा ओळी उंच असतो. रोमन अक्षराला तो पुरतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. मधल्या अक्षराला उरतं काय? शिवाय त्या पडद्याच्या संचात एका वेळी २५६ आकृत्या, फार तर ५१२. जोडाक्षरांचं तिथेच हसं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेलं जिस्ट कार्ड याच अडचणीवर काढलेलं. ते संगणकात बसवलं की डॉसच्या प्रोग्रॅममध्येही भारतीय लिप्या दिसत, जोडाक्षरं जुळवायचं काम कार्ड करी. विंडोज ९८ च्या काळात बहुतेकांनी वेगळीच वाट धरली: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या भरलेले फॉन्ट. लॅपटॉपवरचा गोंधळ त्याचाच. युनिकोड देवनागरी नीट मांडणं विंडोज २००० पासून आलं. तेव्हा अशी डिस्क हाताशी असेल तर फाइल्सइतकाच विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधला जुना फॉन्टही सांभाळून ठेवा. तो हरवला की संहिता असून नसल्यासारख्या.

शेवटचा आकडा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती वेळा चित्र काढलं जातं तो, आणि खरी जपणूक इथे करायची. काचेच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीओळीनं पडदा उजळत जातो. व्हीजीएचं घड्याळ सेकंदाला २,५१,७५,००० ठोके देतं. ठिपके ६४० असले तरी एका ओळीला ८०० ठोके राखलेले असतात, कारण नांगर वळवायला बांधाशी जागा लागते तसा झोताला डाव्या कडेला परतायला वेळ लागतो. तशाच ४८० ओळींसाठी ५२५ मोजतात. भागाकार केलात तर सेकंदाला ३१,४६९ ओळी आणि ५९.९४ चित्रं मिळतात. त्यालाच सगळे ६० हर्ट्झ म्हणतात.

साठला काचेचा पडदा लुकलुकतो. सरळ पाहताना कमी, नजर बाजूला केली की जास्त, कारण डोळ्याच्या कडेची दृष्टी चमक ओळखण्यात अधिक तेज असते. ८०० गुणिले ६०० ला ७५ हर्ट्झ लावलं तर सेकंदाला ४६,८७५ ओळी होतात, ८५ ला ५३,६७४. मॉनिटरच्या मागच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत ३० ते ५० किलोहर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर ७५ चालेल, ८५ नाही. नवे मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून गप्प बसतात. जुन्यांतले काही आज्ञाधारकपणे प्रयत्न करतात, चित्र फाटतं, आतून शीळ येते आणि आडव्या वळणाचा ट्रान्झिस्टर तापतो. अशा वेळी लगेच बंद करा. मागचं झाकण मात्र उघडू नका, नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.

१९९४ पासून मॉनिटरनं आपली मर्यादा १२८ बाइटच्या तक्त्यात कार्डाला कळवायची सोय झाली. त्याआधीच्या मॉनिटरसाठी विंडोजच्या यादीतून प्रकार स्वतः निवडावा लागतो, आणि उगाच मोठा प्रकार निवडणं म्हणजे वरचं संकट बोलावणं.

आतेभावाकडे ६० वर चित्र लाटेसारखं डुलत होतं, तेव्हा ड्रायव्हरवर संशय गेला. दोष टेबलावरच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरचा निघाला. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र विजेबरोबर ५० हर्ट्झनं बदलतं आणि मॉनिटरमधल्या झोताला किंचित ढकलतं. साठ वजा पन्नास दहा, म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा हलतं. स्टॅबिलायझर दोन हात लांब, जमिनीवर ठेवला आणि रिफ्रेश रेट ७५ केला.