रिलीजचा अधिकार: कंटिन्युअस डिलिव्हरीमागच्या टीमची पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत कंटिन्युअस डिलिव्हरी, म्हणजे कोडमधला प्रत्येक लहान बदल कधीही वापरकर्त्यांपर्यंत पाठवता येईल अशा अवस्थेत ठेवण्याची पद्धत, सुरू करायची असे ठरले की चर्चा बहुधा साधनांपासून सुरू होते. जेनकिन्स घ्यायचे की गिटलॅब (कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारी ही साधने), क्लाउड कोणाचा, पाइपलाइन (या स्वयंचलित पायऱ्यांची साखळी) कोण लिहिणार, हे प्रश्न पहिल्याच बैठकीत येतात. टीमचा विषय मात्र वर्षअखेरीस, मनुष्यबळ विभागाच्या सर्वेक्षणाबरोबर निघतो. ही साधने गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली आहेत, पण कामाची जी रचना त्यांना उपयोगी ठरवते, तिचा इतिहास सॉफ्टवेअरच्या बराच आधी सुरू होतो आणि तो कोळशाच्या खाणीत, यंत्रमागावर व मोटारीच्या कारखान्यात घडलेला आहे. या सगळ्या ठिकाणी शेवटी एकाच गोष्टीचा निकाल लावावा लागला: दोष दिसताच काम थांबवण्याचा आणि काम तयार होताच ते पुढे पाठवण्याचा अधिकार ते काम करणाऱ्यांच्या हातात आहे की नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कोळसा खाणींमध्ये यंत्रे आली, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि गैरहजेरी मात्र वाढली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः पूर्वी खाणकामगार असलेले केनेथ बॅमफर्थ यांनी याचा अभ्यास करून १९५१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रांपूर्वी दोन-चार माणसांची छोटी टोळी कोळसा फोडण्यापासून तो भरून बाहेर पाठवण्यापर्यंतचे सारे काम करत असे आणि टोळीतले सोबती ती स्वतःच निवडत असे. लाँगवॉल पद्धत, म्हणजे कोळशाच्या लांब सलग भिंतीवर यंत्राने काम करण्याची पद्धत, आल्यावर हेच काम तीन पाळ्यांत विभागले गेले. एका पाळीने कोळसा कापायचा, दुसरीने वाहक पट्टा हलवायचा, तिसरीने कोळसा भरायचा, असा साधारण क्रम ठरला. आधीच्या पाळीने काम अर्धवट सोडले की त्याचा भुर्दंड पुढच्या पाळीला बसे, आणि दोघांची गाठ क्वचितच पडत असल्यामुळे उरे तो फक्त एकमेकांवरचा आरोप. यंत्र चांगले असूनही त्याच्याभोवती माणसांची मांडणी चुकली तर फायदा हाती लागत नाही, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. डेव्हलपर (कोड लिहिणारे), टेस्टर (तो तपासणारे) आणि ऑपरेशन्स (तो सर्व्हरवर चालवणारे) अशा तीन वेगळ्या विभागांत काम केलेल्या कोणालाही या खाणीचे वर्णन परके वाटणार नाही.

सॉफ्टवेअरने सुरुवातीला पाळ्यांचीच वाट धरली. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेत सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या अपयशाची उघड चर्चा झाली आणि या कामाला अभियांत्रिकीची शिस्त हवी, असा सूर निघाला. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी आपल्या निबंधात गरजा, आराखडा, कोडिंग, चाचणी अशा पायऱ्यांची एक आकृती काढली आणि लगेचच, ही पद्धत अशीच राबवली तर ती धोक्याची ठरेल, असेही लिहिले. उद्योगाने आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला. त्याच काळात दोन निरीक्षणे नोंदली गेली, ती आजही टिकून आहेत. मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ साली दाखवून दिले की संस्थेतील विभागांचा आपसांत जसा संवाद असतो, तशीच रचना तिने बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरते. आणि आयबीएमच्या सिस्टिम/३६० या महाप्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहिले की रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो. दुसरे विधान प्रकल्प व्यवस्थापकांना तोंडपाठ असते, आणि डेडलाइन जवळ आली की माणसे वाढवली जातातच.

दोष दिसताच थांबण्याची कल्पना कापडाच्या धंद्यातून आली. जपानच्या साकिची टोयोडा यांच्या कंपनीने १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला, की ताण्याचा धागा तुटला तर तो आपोआप थांबे. तुटलेल्या धाग्यानिशी माग चालत राहिला तर किती कापड वाया जाते, हे मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. हेच तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइइची ओहनो यांनी माणसांना लागू केले: जुळणीच्या ओळीवरचा कोणताही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो आणि अडचण ठरलेल्या वेळेत सुटली नाही तर ओळ थांबते.

ही पद्धत जपानी स्वभावामुळेच चालते, असा समज फार काळ होता, तो कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँट येथे खोटा ठरला. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना संप, गैरहजेरी आणि निकृष्ट गाड्यांसाठी बदनाम होता आणि तो १९८२ साली बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला, तोही बहुतांश जुन्याच कामगारांना आणि त्यांच्या युनियनला सोबत घेऊन. त्यांच्यापैकी काही जणांना जपानमध्ये प्रशिक्षण मिळाले, लहान टीम झाल्या आणि ओळ थांबवण्याचा अधिकार दिला गेला. थोड्याच काळात तेथील गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचली आणि गैरहजेरीही उतरली. माणसे बदलली नव्हती, बदलली होती ती त्यांची मुभा. जनरल मोटर्सला मात्र हा धडा आपल्या इतर कारखान्यांत नेणे बराच काळ जमले नाही.

नाशिकला हा इतिहास ऐकीव नाही. १९२५ साली सुरू झालेल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसपासून १९६४ सालच्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सपर्यंत आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मायको, महिंद्र यांच्या कारखान्यांपर्यंत या शहराची घडण शिफ्ट, इन्स्पेक्शन आणि क्वालिटी कंट्रोल या शब्दांत झाली. जपानमध्ये १९६२ साली सुरू झालेली क्वालिटी सर्कलची, म्हणजे गुणवत्तेच्या अडचणी सोडवणाऱ्या कामगारांच्या लहान गटांची, चळवळ १९८० च्या दशकात भारतीय कारखान्यांत आली आणि पुढे काइझेन (सतत लहान सुधारणा), फाइव्ह एस (कामाच्या जागेची शिस्त) हे शब्द सातपूरच्या कामगारांच्या घरांतही पोहोचले. आज कोड लिहिणाऱ्या अनेक नाशिककरांचे वडील किंवा काका त्या शॉप फ्लोअरवर उभे राहिलेले आहेत. मात्र या चळवळीतून भिंतीवरचे तक्ते, सूचनापेट्या आणि बक्षिसे जितक्या सहज आली, तितक्या सहज ओळ थांबवण्याची मुभा आली नाही, असे माझे मत आहे. आणि सॉफ्टवेअरमध्येही पुढे नेमके हेच घडले.

सॉफ्टवेअरमधील वळण १९९० च्या दशकात आले. क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर १९९६ पासून केंट बेक यांनी ज्या सवयी एकत्र आणल्या, त्यांना पुढे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग म्हणू लागले. दोघांनी मिळून कोड लिहायचा, चाचणी आधी लिहायची, कोणाचाही कोड कोणीही सुधारायचा, दिवसातून अनेकदा सगळ्यांचे काम एकत्र जोडायचे आणि आठवड्याला साधारण चाळीस तासांपेक्षा जास्त राबायचे नाही, असे त्यांचे स्वरूप होते. ही शेवटची अट आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते. वास्तविक, थकलेल्या माणसाच्या हातून मर्जमध्ये, म्हणजे सगळ्यांचे कोड एकत्र जोडताना, चुका होतात आणि रोज मर्ज करायचे तर रोज ताजे असावे लागते, इतके साधे ते कारण होते. बिल्ड (कोडपासून तयार होणारा चालता प्रोग्रॅम) मोडला की नवे काम बाजूला ठेवून आधी तो दुरुस्त करायचा, हा नियम म्हणजे टोयोटाच्या दोरीचेच दुसरे रूप होय.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे १७ जणांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. उपयोगी सॉफ्टवेअर लवकर आणि सतत ग्राहकाच्या हाती देत राहणे, हे त्याच्या सोबतच्या तत्त्वांतले पहिलेच तत्त्व आहे. आणखी एक तत्त्व उत्साही माणसांभोवती प्रकल्प उभारावा आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा असे सांगते. म्हणजे सतत डिलिव्हरी आणि मन लावून काम करणारी टीम या दोन गोष्टी पहिल्यापासून एकाच कागदावर होत्या. त्याच सुमारास थॉटवर्क्स कंपनीतून क्रूझकंट्रोल हे स्वयंचलित बिल्डचे साधन आले, २००५ साली गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन आले, २००६ साली अ‍ॅमेझॉनने सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि तांत्रिक अडथळे एकेक करून दूर झाले.

तरीही डेव्हलपर आणि ऑपरेशन्स यांच्यातली भिंत कायम होती. एका बाजूला बदल करण्यासाठी पगार मिळत होता, तर दुसऱ्या बाजूला काहीही बदलू नये यासाठी. जून २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या ऑपरेशन्सचे प्रमुख जॉन ऑलस्पॉ आणि अभियांत्रिकीचे प्रमुख पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत एकत्र उभे राहून सांगितले की आपल्याकडे दिवसाला दहापेक्षा जास्त डिप्लॉयमेंट होतात, म्हणजे नवा कोड इतक्या वेळा सर्व्हरवर चढतो. त्यांच्या भाषणाचा बराचसा भाग परस्परांचा आदर आणि चूक झाल्यावर बोट न दाखवणे यांविषयी होता. ते पाहून बेल्जियमच्या पॅट्रिक डेबवा यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात घेंट शहरात डेव्हऑप्सडेज ही या दोन्ही बाजूंना एकत्र आणणारी परिषद भरवली, आणि २०१० साली जेझ हंबल व डेव्हिड फार्ले यांनी कंटिन्युअस डिलिव्हरीची संपूर्ण मांडणी पुस्तकरूपाने केली.

उलट टोकाचे उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चे आहे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवला, त्यातला एक सुटला आणि त्यावर पडून असलेला जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. नियामक संस्थेच्या चौकशीत दिसले की चढवलेला कोड दुसऱ्या कोणी तपासलेला नव्हता आणि बाजार उघडण्यापूर्वी त्या चुकीचा उल्लेख असलेले ९७ स्वयंचलित ईमेल कर्मचाऱ्यांकडे गेले होते. मात्र ते इशारे म्हणून आखलेलेच नव्हते आणि असे ईमेल वाचण्याची पद्धतही नव्हती.

माणसे कामात जीव ओततात ती कशामुळे, याचा शोध वेगळ्या वाटेने चालला होता. १९९० साली विल्यम कान यांनी एका उन्हाळी शिबिरातील आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून तीन अटी मांडल्या: काम अर्थपूर्ण वाटावे, मन मोकळे करण्याची भीती वाटू नये आणि त्यासाठी अंगात त्राण असावे. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधांच्या चुका मोजताना उलटे चित्र दिसले. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर त्या लपवल्या जात नव्हत्या, असा उलगडा त्यांनी केला आणि १९९९ साली टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची मांडणी केली. रॉन वेस्ट्रम यांनी २००४ साली रुग्णालये आणि विमानसेवा यांच्या संदर्भात, वाईट बातमी आणणाऱ्याचे संस्थेत काय होते, यावरून संस्थांचे तीन प्रकार पाडले.

निकोल फोर्सग्रेन, हंबल आणि जीन किम यांनी २०१८ पर्यंतच्या सर्वेक्षणांतून हे धागे एकत्र आणले. डिप्लॉयमेंट किती वेळा होते, बदल प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सॉफ्टवेअरपर्यंत, जायला किती वेळ लागतो, किती बदल फसतात आणि बिघाडातून सावरायला किती वेळ जातो, ही चार मापे त्यांनी रूढ केली. जलद जाणाऱ्या टीम स्थिरतेतही पुढे असतात, असे त्यांना आढळले. बदलाला टीमबाहेरच्या मंडळाची मंजुरी सक्तीची असेल तर वेग घटतो, पण फसणाऱ्या बदलांचे प्रमाण त्यामुळे कमी झालेले दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आपल्याकडे सर्वांत कमी सांगितला जातो.

तो का सांगितला जात नाही, याचे उत्तर भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या जडणघडणीत आहे. परदेशी ग्राहकाच्या कामाचा एखादा तुकडा घ्यायचा, तासांवर बिल लावायचे आणि प्रक्रियेच्या प्रमाणपत्रांनी विश्वास मिळवायचा, या मार्गाने तो वाढला. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या तारखेमुळे संगणक बिघडण्याच्या भीतीच्या, काळात या पद्धतीने लाखो लोकांना रोजगार दिला, हे नाकारता येत नाही. पण तिच्यात प्रॉडक्शनचा ताबा ग्राहकाकडे राहिला. १९८३ नंतर महाराष्ट्रात निघालेल्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांतून नाशिकमध्येही अभियंते तयार होऊ लागले, पण त्यातले बरेचसे पुण्याला आणि मुंबईला गेले. मागे राहिलेल्या लहान कंपन्यांकडे अनेकदा कामाच्या तुकड्याचाही तुकडा आला. ज्या डेव्हलपरने आपला कोड प्रत्यक्ष चालताना कधी पाहिला नाही, लॉग (सॉफ्टवेअर चालताना होणाऱ्या नोंदी) वाचण्याची परवानगी ज्याला नाही आणि ज्याचा बदल तीन आठवड्यांनी दुसऱ्या खंडातले कोणीतरी चढवते, त्याच्याकडून आपलेपणाची अपेक्षा करणे मला तरी अन्यायाचे वाटते.

याला शहरातच अपवाद घडले. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन भरले. विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर आणि प्रशासनातील माणसे लहान टीम करून गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर बसली. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणाऱ्या चटयांसारखे प्रयोग त्यातून निघाले. पर्वणीची तारीख कोणाच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे लहान तुकडे करून लवकर आजमावणे येथे हौसेचा भाग नव्हता. शिवाय ज्यांच्यासाठी काम चालले होते ते लोक समोर, गोदाघाटावरच होते.

२०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि पुण्या-मुंबईच्या नोकऱ्या घेऊन बरेच जण गंगापूर रोडला आणि इंदिरानगरला परतले. त्यांच्यापैकी प्रॉडक्ट कंपन्यांत असलेले लोक स्वतःचा कोड स्वतः चढवतात, रात्रीचा ऑन-कॉलही (बिघाड झाल्यास हजर राहण्याची पाळी) सांभाळतात आणि बिघाडानंतर दोषारोप टाळून लिहिलेल्या अहवालाची सवयही त्यांना आहे. त्याच सोसायटीत तासांच्या बिलावर काम करणारा अभियंता अजून ग्राहकाच्या शुक्रवारच्या मंजुरीची वाट पाहत असतो. दोघेही गिट तेच वापरतात आणि पाइपलाइनही सारखीच असते. स्थानिक कंपन्यांनी आता नव्या करारांत प्रॉडक्शनचे लॉग, रोलबॅकचा (फसलेला बदल मागे घेण्याचा) हक्क आणि ऑन-कॉलचा वेगळा मोबदला मागायला सुरुवात करायला हवी. विशेषतः २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी जी कामे शहरातच दिली जातील, त्यांत ग्राहक हाकेच्या अंतरावर असताना हे मागणे अवघड जाऊ नये.