इंजिनाचे बिघडलेले सेन्सर घरी बदलणे (मराठवाडा)

मोटारीच्या इंजिनावर तापमान, दाब, हवेचा प्रवाह, क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) फिरत आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर असतात. ते निकामी झाल्यावर गॅरेजला न जाता अंगणात किंवा शेतातल्या आखाड्यावर स्वतः बदलण्याची ही पद्धत आहे. इंधन किती फवारायचे, ठिणगी केव्हा द्यायची, हे ईसीयू नावाचा संगणक या सेन्सरांच्या आकड्यांवरून ठरवतो. एखादा आकडा चुकला की गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतो, मिसिंग सुरू होते किंवा गाडी चालता चालता बंद पडते.

भारतात १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वनिदान व्यवस्था लागू झाली आणि घरगुती दुरुस्ती खऱ्या अर्थाने शक्य झाली. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर दोषाचा कोड दिसतो. हा स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. मात्र कोड दिसला की लगेच सेन्सर मागवायचा, ही घाई फार होते. पी०११८ म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये जास्त व्होल्टेज आहे, इतकेच. सेन्सर जळला असेल, कनेक्टर सैल असेल किंवा वायर तुटली असेल. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. त्याचे कारण पुष्कळदा इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, फाटलेला पाइप असतो. तरी त्या कोडवर ऑक्सिजन सेन्सर बदलून बसलेले मालक कमी नाहीत.

मराठवाड्यात वायरिंगकडे आधी पाहण्याला आणखी एक कारण आहे: उंदीर. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली ते घर करतात आणि वायरीचे आवरण कुरतडतात. म्हणून मल्टिमीटरने कनेक्टरवर ५ व्होल्टचा संदर्भ पुरवठा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. (दोन तारांच्या चुंबकीय क्रँक सेन्सरला हा पुरवठा नसतो, तिथे रोध मोजतात.)

कूलंट सेन्सर हा इथला नेहमीचा रुग्ण. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय अजून गेलेली नाही. ते जड पाणी क्षार सोडते, सेन्सरच्या टोकावर थर चढतो आणि तापमान उशिरा कळते. हा सेन्सर तपासायला सगळ्यांत सोपा आहे. सुमारे २० अंशांना त्याचा रोध साधारण अडीच किलोओम असतो आणि ९० अंशांच्या आसपास दोन-तीनशे ओहमांवर येतो. गरम पाण्याच्या भांड्यात टोक बुडवून हे घरीच पाहता येते. बदलताना इंजिन पूर्ण गार हवे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर येते. नंतर कूलंट भरून हवा काढावी लागते, नाहीतर सेन्सर नवा असूनही काटा वरखाली नाचतो.

क्रँक सेन्सरचा बिघाड उन्हाशी जोडलेला असतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा बॉनेटखालची उष्णता किती असेल याची कल्पना करावी. सेन्सरच्या आतली तार तापल्यावर तुटक होते, गाडी रस्त्यात बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न झाल्यासारखी सुरू होते. गाडीतल्या इंधन पंपाची मोटर गेल्यावरही असेच होते. फरक ओळखायची खूण अशी की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल, तर संशय क्रँक सेन्सरवर. काम बहुधा एका बोल्टाचे असते, पण जागा अडचणीची.

धुळीचा मार हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मॅफ सेन्सरला बसतो. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतो, त्याचे काम इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर करतो. मॅफच्या तापत्या तारेवर धूळ बसली की हवा कमी मोजली जाते. खास मॅफ क्लीनरचा फवारा मारून वाळू दिला तर पुष्कळदा नवा भाग लागत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारू नये, कापडाने पुसू नये. एअर फिल्टर फुंकून फुंकून वापरणे हे दुखण्याचे मूळ असते.

ऑक्सिजन सेन्सर काढणे कष्टाचे. तो सायलेन्सरच्या पाइपात गंजून घट्ट बसतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि इंजिन किंचित कोमट असताना, वायरसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट लावावा. नवीन सेन्सरच्या आट्यांनाच ते जखडू नयेत म्हणून पेस्ट लावतात, टोकाला नाही. सिलिकोनचा सीलंट त्याला मारतो.

काम कोणतेही असो, आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडतात, कनेक्टरची लॉक क्लिप दाबून तो ओढतात (तार धरून ओढू नये), ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) नवी घालतात, शेवटी कोड पुसून गाडी चालवून पाहतात. सुटा भाग जुन्या सेन्सरवरच्या भाग क्रमांकानेच मागवावा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याला वाहनांचे कारखाने असले तरी तालुक्याच्या दुकानात नेमका क्रमांक हाताशी असेलच असे नाही, आणि ‘हाच बसतो’ म्हणून दिलेला स्वस्त सेन्सर चुकीचा आकडा देऊ शकतो, जे तुटलेल्या वायरपेक्षा शोधायला अवघड जाते.

डिझेल गाडीचा रेल प्रेशर सेन्सर मात्र घरी सोडवू नये. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तिथली धार कातडीतून आत शिरते. ते काम डिझेल पंपाच्या वर्कशॉपचे.