दाढ काढल्यावर सिगारेट का नको?

दाढ काढून झाली की डॉक्टर गॉजचा बोळा जागेवर ठेवतात, घट्ट चावून धरायला सांगतात आणि सूचना सुरू करतात. गरम खाऊ नका, चूळ भरू नका, थुंकू नका, सिगारेट ओढू नका. भुलीने अर्धा जबडा बधिर झालेल्या माणसाला या सगळ्या सूचना सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत. गरम चहा प्यायला तर फार तर रक्त पुन्हा पाझरेल. सिगारेट जखम भरण्याच्या मुळावरच येते, तेही एकाच वेळी तीन-चार बाजूंनी.

दात नुसत्या हिरडीत नसतो, जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. तो उपटला की मुळाच्या आकाराचा खळगा उरतो. त्याच्या भिंती हाडाच्या असतात आणि मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. काही मिनिटांत खळगा रक्ताने भरतो, रक्त साकळतं आणि गडद लाल गुठळी बसते. ही गुठळी उघड्या हाडावरचं झाकण तर असतेच, शिवाय तिच्यातल्या फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा आधार घेत नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात. साधारण आठवड्याभरात गुठळीच्या जागी कोवळी, लालसर ऊती येते. हिरडी वरून मिटायला काही आठवडे लागतात आणि आतलं हाड भरायला काही महिने. पण पहिले काही दिवस सगळी भिस्त त्या गुठळीवर असते.

गुठळी निसटली, विरघळली किंवा नीट बसलीच नाही, तर हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. १८९६ पासून दंतवैद्यकाच्या लिखाणात हे नाव आहे. साध्या दात काढण्यात हे शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत प्रमाण बरंच जास्त असतं, कारण तिथलं हाड घट्ट, रक्तपुरवठा कमी आणि दाढ काढताना होणारी ओढाताणही जास्त. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा धोका सुमारे तिप्पट असतो.

असं का होतं, हे विचारलं की बहुतेक जण ओढण्याकडे बोट दाखवतात. झुरका घेताना गाल आत ओढले जातात, तोंडातला हवेचा दाब कमी होतो आणि ताजी गुठळी जागची हलू शकते. हे खरंच आहे. स्ट्रॉने पिऊ नका, जोरात थुंकू नका, या सूचनाही त्याचसाठी असतात. मात्र एवढंच कारण धरून बसलं की पळवाटा सुचू लागतात. हलकेच ओढतो, ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यातून ओढतो, खळग्यावर गॉज दाबून ओढतो. या युक्त्यांनी फार तर ओढ थोडी कमी होईल. धुरातली रसायनं मात्र फुप्फुसांतून रक्तात जातात आणि रक्तातून खळग्यापर्यंत पोचतात. त्यांना गॉज कसा अडवणार?

त्यातलं पहिलं निकोटीन. ते बारीक रक्तवाहिन्या आक्रसवतं. खळगा रक्ताने भरण्याची गरज असते नेमकी त्याच वेळी रक्त कमी येतं. धूम्रपान करणाऱ्यांचे खळगे दात काढल्यावर रक्ताने कमी भरतात, हे तपासण्यांत दिसलेलं आहे. म्हणजे काही जणांत पुरेशी गुठळी मुळात बसलेलीच नसते, आणि दोष मात्र नंतरच्या एखाद्या झुरक्याला दिला जातो. दुसरा कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे जे रक्त पोचतं तेही ऑक्सिजन कमी घेऊन येतं. तो रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. तिसरी गोष्ट, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं. शिवाय दाढ काढताना दुखावलेल्या हाडातून आणि तोंडातल्या जंतूंमुळे फायब्रिन विरघळवणारी यंत्रणा जागी होत असते. ती वेळेआधी जोर धरते तेव्हा गुठळी कुणी न ओढताही नाहीशी होते. धुराची उष्णता आणि चुरचुर यात भरच घालते.

ई-सिगारेट आणि हुक्का यांना यातून सूट नाही. ओढणं तेच, आणि बहुतेकांत निकोटीनही तेच. तोंडात धरायच्या तंबाखूत ओढ नसते, पण तिचे कण खळग्यात जाऊन बसतात आणि निकोटीन थेट जखमेशेजारी झिरपत राहतं. निकोटीनचं च्युइंगगमही या दिवसांत टाळलेलं बरं. अगदीच राहवत नसेल तर त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. तिच्यातही निकोटीन असतं, म्हणून ती निर्धोक नाही. पण ओढ, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तरी टळतात.

किती दिवस? कमीत कमी ७२ तास. अक्कलदाढ हाड कापून काढली असेल तर पूर्ण आठवडा, आणि दोन आठवडे जमले तर उत्तम. आदल्या दिवसापासून थांबलं तर जास्त फायदा, कारण मग गुठळी बसतानाच रक्तात कार्बन मोनॉक्साइड बराच कमी झालेला असतो. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, सांगायला हवी.

बाकीची काळजी साधी आहे. बोळा ३० ते ४५ मिनिटं दाबून धरायचा आणि सारखा उचलून बघायचा नाही. पहिले २४ तास चूळ नाही; थुंकी गिळायची. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, खळखळ न करता, पाणी तोंडात फिरवून नुसतं बाहेर सोडायचं. खळग्यात पांढरट-पिवळसर थर दिसला तर तो पू समजून खरवडू नये. बहुतेक वेळा ते जखम भरत असल्याचंच लक्षण असतं.

नेहमीचं दुखणं रोज थोडं थोडं कमी होतं. ड्राय सॉकेटचं उलट असतं. एक-दोन दिवस बरे जातात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका सुरू होतो, कानाकडे आणि कानशिलाकडे चढतो, गोळीलाही पुरता दाद देत नाही. तोंडाला घाण वास आणि विचित्र चव येते. आरशात खळगा रिकामा, तळाशी करड्या-पांढऱ्या हाडासकट दिसू शकतो. ताप आणि मोठी सूज यात सहसा नसते. ती असेल तर संसर्गाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

ड्राय सॉकेटवर घरी लवंगतेलाचे थेंब सोडत बसू नये, उघड्या ऊतीला ते भाजतं. दवाखान्यात खळगा सलाइनने हळुवार धुतात, अडकलेले कण काढतात आणि बहुधा युजेनॉल (लवंगतेलातलाच ठणका कमी करणारा घटक) असलेली औषधी पट्टी भरतात. ठणका बहुतेकदा काही तासांतच उतरतो. पट्टी दर एक-दोन दिवसांनी बदलावी लागू शकते. अँटिबायोटिकची गरज सहसा पडत नाही. हाड मग तळाकडून नव्या ऊतीने झाकलं जातं, त्याला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस सिगारेटची मनाई पुन्हा पहिल्यापासून मोजायची.