अवयव थंड हवा, गोठलेला नको

अवयव नेण्याच्या पेट्या आणि त्यांत वापरायची द्रावणं आम्ही पुरवतो. पूर्वी ऑर्डर मोठ्या प्रत्यारोपण केंद्रांकडूनच यायची, आता जिल्ह्याच्या ठिकाणची रुग्णालयंही विचारणा करतात. 2011 च्या कायदादुरुस्तीनंतर, जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा नोंदणीकृत रुग्णालयातही अवयव काढता येतात. मग दाता एका गावात आणि रुग्ण पुण्या-मुंबईत असतो. ग्रीन कॉरिडॉर रस्ता मोकळा करतो, पण तेवढा वेळ अवयव टिकवायचा तो पेटीनेच.

थंड पेटीत हृदय आणि फुप्फुसं साधारण 4 ते 6 तास टिकतात, लिव्हर 8 ते 12 तास, किडनी 24 ते 36 तास. रक्त थांबलं तरी पेशींची भूक थांबत नाही. 4 अंश सेल्सिअसला ती जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येते. मात्र थंडीत पेशी पाणी शोषून फुगतात आणि साध्या सलाइनने ते थांबत नाही. यासाठीच बेल्झर आणि साउथर्ड यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘यूडब्ल्यू’ द्रावण तयार केलं. त्यातले मोठे रेणू पेशीत शिरत नाहीत, त्यामुळे पाणी बाहेरच राहतं.

आता पेटी भरण्याबद्दल, कारण चुका इथेच होतात. पहिल्या निर्जंतुक पिशवीत अवयव आणि द्रावण घाला, हवा काढून तोंड बांधा. दुसऱ्या पिशवीत थंड निर्जंतुक सलाइन, तिसरी कोरडी. त्यानंतरच पेटीत बर्फ. बर्फ थेट अवयवाला लागला तर तो भाग गोठतो आणि आतल्या बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात. लादी फोडून मोठे खडे टाकू नका, चुराच हवा. तो पिशवीभोवती सारखा बसतो, खडे एकाच जागी दाबतात. ड्राय आइस तर कधीच नाही, त्याचं तापमान उणे 78 अंश असतं.

लेबलवर अवयव, किडनी असेल तर डावी की उजवी, रक्तगट आणि रक्तपुरवठा बंद केल्याची वेळ लिहा. क्रॉसमॅचचे, म्हणजे रुग्णाचं शरीर हा अवयव नाकारेल का ते तपासण्याचे, दात्याचे नमुने सोबत द्यायला विसरू नका.

मशीनबद्दल बरेच जण विचारतात. 37 अंशांना लिव्हरमधून रक्त फिरवत ठेवणाऱ्या मशीनची युरोपातली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात लिव्हरची इजा थंड पेटीच्या तुलनेत निम्मी दिसली. शिवाय लिव्हर काम करतं का, हे बसवण्याआधीच कळतं. वयस्कर दात्याच्या, शंका वाटणाऱ्या लिव्हरसाठी हे मोलाचं आहे. पण दाता धडधाकट आणि अंतर कमी असेल, तर नीट भरलेली पेटी पुरते. ज्याची गरज नाही ते घ्या, असं आम्ही सांगणार नाही.

दर महिन्याला झाकणात कागदाची पट्टी धरून ओढून पाहा. सहज निघाली तर रबर सैल झालंय, आम्हाला कळवा. पेटी वापरून झाली की धुऊन, झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा, मगच बंद करा.